मामांच्या लेकीची फी

"हे बगा, यात ॲडमिशन हाय का?" असं म्हणून मामा आपले दोन्ही तळहात समोरच्याच्या नाकापुढे उघडायचे. समोरचा बिचारा खरंच वाकून बघायचा.

परभणीला आमच्या विद्यापीठाच्या प्रवेश विभागात मी कारकून आणि मामा, म्हणजे सगळ्या ऑफिसचेच मामा, शिपाई. आता ते निवृत्त झालेत. प्रवेशाच्या दिवसांत तुम्ही कधी तिथे आला असाल तर पाहिलंच असेल, साहेबांच्या केबिनपेक्षा मामांच्या स्टुलाभोवती गर्दी जास्त. ओळखीचा माणूस ऑफिसात असला की पोराचं काम होतं, अशी अख्ख्या जिल्ह्याची पक्की समजूत. एकदा झरीच्या पाहुण्यांनी पिशवीभर पेरू आणले. मामांनी ते धुतले, रांगेतल्या सगळ्यांना वाटले, एक स्वतः खाल्ला आणि म्हणाले, "लय गोड हायत. आता लायनीत उभं ऱ्हावा."

मग एका वर्षी त्यांच्या स्वतःच्या लेकीचं नाव यादीत लागलं, तेही पहिल्या पानावर. निव्वळ तिच्या मार्कांवर. मामांनी गल्लीत पेढे वाटले, तर जो तो त्यांचीच पाठ थोपटायला लागला. सलूनवाला म्हणाला, "मामा, नोकरी कामाला आली बगा!" अर्धी दाढी झालेली, गालाला फेस, तसेच मामा उठले, घरून यादी घेऊन आले आणि त्याला पोरीचे मार्क मोठ्यानं वाचायला लावले. मगच उरलेली दाढी करू दिली.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण आमच्याकडे कर्मचाऱ्यांच्या मुलांना फीमध्ये सवलत मिळते. मी त्या सवलतीचा फॉर्म मामांना दिला, तर त्यांनी त्याची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

"सवलत घेतली की लोक म्हणतील, बापानंच घुसवली. पोरीचं नाव खराब व्हायचं."

पूर्ण फी त्यांच्या पगारात बसणारी नव्हती. मला राग आला. मी सरळ लेकीला फोन केला. चहाडीच केली म्हणा ना.

ती दुपारी आली आणि टेबल उचलून फॉर्म काढला.

"बाबा, मार्क माजे हायत ना?"

"हायत की."

"आन् इतकी वर्षं सायकल मारत तुमी कामाला आलाव, ते कुणाच्या वशिल्यानं?"

"वशिला कशाचा? एक खाडा न्हाई माजा!"

"मग तुमच्या कष्टाचं तुमी कामून सोडायलाव?"

मामा बराच वेळ फॉर्मवरची धूळ झटकत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीत बसलो होतो. बघतो तर रांगेत मामा. इस्त्रीचा शर्ट, पुढे दहा-बारा माणसं.

"मामा, आतून या की!"

"न्हाई. आज रजा टाकलीय मी."

तासाभरानं त्यांचा नंबर आला. त्यांनी जाळीतून फॉर्म पुढे सरकवला. दिवसभर प्रत्येकाला विचारतो तेच मी विचारलं, "विद्यार्थिनीचे कोण?"

"बाप!"

इतकी वर्षं त्या खिडकीत बसतोय, पण हे उत्तर एवढ्या मोठ्यानं कुणी दिलेलं मी ऐकलं नाही.