कापडी खुर्ची

पनवेलच्या घरी पाहुणा ‘येतो’ म्हणून गेला की मी त्याच्या खुर्चीवर हात फिरवून बघते. मुलं हसतात, हसू देत.

मी दहा वर्षांची होते. बाबा मोझांबिकला नोकरीला होते. आई, मी आणि धाकटी बहीण बोटीने त्यांच्याकडे निघालो होतो. डेकवर कापडी खुर्चीत बसून गोव्याचे एक म्हातारे मास्तर रोज दुपारी आम्हाला पोर्तुगीज शिकवायचे. पाणी, पाव, मग निरोपाचा शब्द आला, ‘अदेउश’.

आई मिठागरवाल्यांची लेक. म्हणाली, ‘जातो नाय म्हनायचं मास्तर, येतो म्हनायचं.’

त्यांनी हसून ‘वोल्तु’ शिकवलं, म्हणजे परत येतो. मग रोज उठताना तेही तेच म्हणायचे.

एका पहाटे मास्तर झोपेतच गेले. त्यांना कापडात शिवून समुद्रात सोडलं. दुपारी सवयीने आम्ही डेकवर गेलो. कडक ऊन होतं, डेक कोरडा ठणठणीत. खुर्चीचं कापड मात्र चिंब ओलं, खाऱ्या पाण्याच्या वासाचं.

‘मीच बोलावलं गं त्यांना,’ आई पुटपुटली. आम्हाला समोर बसवून तिने सगळा धडा म्हणून घेतला. मग खुर्चीला हात जोडले आणि हळूच म्हणाली, ‘अदेउश, मास्तर.’