डोंगराचे सतरा किलो

आमच्या अग्निशमन केंद्रात त्याला सगळे डोंगर म्हणायचे. वजन एकशे चार किलो आणि स्वभाव असा, की घंटा वाजली तरी गडी स्वप्नातून उठल्यासारखा शांतपणे चालत येणार. शिडीवर चढला की मात्र खाली यायचं नावच घ्यायचा नाही. म्हणायचा, “वर किती निवांत असतं रे!”

नवी शिडी आली आणि तिच्या चालकाच्या खुर्चीत मी बसलो. जुनी बिचारी भिंतीला टेकायची आणि कुणालाही अंगावर घ्यायची. ही कशालाच टेकत नाही. टोकाला बास्केट घेऊन अधांतरी उभी राहते, आणि जितकी तिरकी लांब जाईल तितकं कमी वजन पेलते. किलोभर जास्त झालं की शिट्टी मारून जागच्या जागी थांबते. नखरे तर विचारूच नका.

डोंगराची आई एका इमारतीत पाचव्या मजल्यावर एकटी राहते. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरता येत नाही, म्हणजे आग लागलीच तर शिडीनेच खाली आणायला हवं. इमारतीसमोर जमिनीखाली पाण्याची टाकी आहे, म्हणून आमची गाडी लांबच उभी करावी लागते. तिथून तिच्या खिडकीशी बास्केट दीडशे किलो पेलतं. डोंगर, त्याचा गणवेश आणि आई मिळून होतात एकशे सदुसष्ट.

“मग दुसरा कुणीतरी जाईल ना वर,” मी म्हणालो.

“ती खिडकीतून खाली बघायलाही घाबरते. माझ्याशिवाय कुणाच्या हातात हात द्यायची नाही.”

त्या दिवसापासून त्याचं जेवण निम्म्यावर आलं. डोंगर खचला म्हणून आम्ही खिदळायचो. आता आठवलं की लाज वाटते. पोरगा वाळत चालला म्हणून आई सुनेला बोल लावायची आणि सून मुकाट ऐकून घ्यायची. आगीच्या विचाराने आईची झोप उडेल म्हणून डोंगराने तिला काही कळू दिलं नव्हतं. सात महिन्यांनी काटा सत्त्याऐंशीवर आला, तेव्हा कुठे तिच्या इमारतीत ठरलेल्या आमच्या सरावाच्या आदल्या संध्याकाळी त्याने तिला सगळं सांगितलं.

सकाळी धुकं होतं. बास्केट वाळत घातलेल्या चादरींवरून, कबुतरांमधून तरंगत वर गेलं. खिडकीत आई उभी होती. डोळे घट्ट मिटून तिने त्याच्या हातात हात दिला, आत पाऊल ठेवलं, आणि शिट्टी वाजली.

“काय झालं रे?” मी वॉकीटॉकीवर ओरडलो.

“आईने माझ्यासाठी डबा आणलाय. चांगला भरगच्च.”

“मग ठेव म्हणावं खिडकीत!”

“नाही म्हणतेय.”

मग डोंगराने वाकून पायातले बूट काढले आणि खिडकीत ठेवले. शिट्टी थांबली. सराव बघायला आलेले आमचे साहेब, नियम मोडलेला दिसलाच नाही असे, दुसरीकडे बघत राहिले. माझे मात्र डोळे भरून आले होते, आणि तशातच मी त्या दोघांना अलगद खाली उतरवलं.

गाडीच्या पायरीवर अनवाणी बसून त्याने डबा चाटूनपुसून संपवला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“वेड्या,” ती म्हणाली, “आधी सांगायचंस की. निम्मं मी कमी केलं असतं.”