उमसुनाय एजेची वाव

ओश शहरातल्या इस्पितळात श्वास मोजायच्या खोलीत उमसुनाय एजे बसायची. एजे म्हणजे ताई. पण ही ताई डॉक्टरांनाही दरडावायची. तिचं बालपण अलईच्या डोंगरात तंबूंचे दोर वळण्यात गेलेलं, आणि आवाजही तिथलाच, घोड्यांना हाका मारायचा.

मी चौदाची होते. पाठीचा कणा नागमोडी, सोमवारी ऑपरेशन. शाळा उघडायच्या आत सरळ पाठीनं वर्गात शिरायचं, एवढाच माझा ध्यास. नळीत फुंकले. माझ्या उंचीच्या पोरीला जेवढा असावा, त्याच्या अठ्ठ्याहत्तर टक्के श्वास भरला. डॉक्टर म्हणाले, चालेल. वडिलांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

"थांबा जरा," एजे म्हणाली. "बुरुल, हात पसर."

"कशाला?"

"पसर म्हटलं ना! दोर मोजतात तसं मोजते. वाकलेल्या खांबावरून तंबूची उंची ठरवतात होय गं?"

दोन्ही हातांची वाव, म्हणजे या बोटांच्या टोकापासून त्या टोकापर्यंतचं माप, उंचीपेक्षा चौदा सेंटिमीटर जास्त निघाली. कणा सरळ असता तर मी तेवढी उंच असते, आणि त्या मापानं माझा श्वास जेमतेम साठ टक्के होता. एवढ्याशा श्वासावर भूल देणं धोक्याचं, म्हणून ऑपरेशन तीन महिने पुढं गेलं.

"तुला माझं बरं बघवतच नाही!" मी किंचाळले.

"नाहीच बघवत. चल, फुंक."

श्वास वाढावा म्हणून तीन महिने रोज फुंकले. "अजून, अजून, थांबलीस तर बघ!" ऐकून कान किटायचे. दमले की ती खिशातून सुक्या दह्याचा खारट गोळा काढून माझ्या तोंडात कोंबायची. ती चव आजही आठवते.

एवढं करूनही ऑपरेशननंतर चार दिवस यंत्रच माझ्यासाठी श्वास घेत होतं. पाचव्या दिवशी नळी निघाली, तेव्हा कळलं की त्या सोमवारी टेबलावर गेले असते तर परत आले नसते. तिची माफी मागायची मात्र राहूनच गेली.

गेल्या वर्षी, बावीस वर्षांनी, तिच्या गावी गेले. म्हातारपणानं ती कमरेत पार वाकली होती. मला बघून तिनं दोन्ही हात पसरले. पाठ वाकली, तरी वाव अजून तेवढीच होती.

"एजे, तेव्हा माझं चुकलं."

"ते राहू दे. आधी इकडं ये, बघू किती वाढलीस."

माझ्या पाठीत ऑपरेशनात घातलेल्या सळ्या आहेत, वाकता येत नाही. मी अंगणात गुडघे टेकले, तेव्हा कुठं तिचे हात माझ्या गळ्याशी पोचले.