मामांची पाण्यातली मांजरं

आमच्या हिचे मामा माणसांपेक्षा प्राण्यांशी जास्त सभ्यपणे वागतात, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. माझं पोट विमा कंपनीत धोक्यांचे आकडे मांडण्यावर चालतं. वाढवून सांगायची सवय नाही. इंग्लंडात, इथे लेस्टरमध्ये, निम्मं आयुष्य काढलेले, आता एकटेच राहणारे हे मामा नदीवरच्या हंसांना अहोजाहो करतात आणि बदकांना अरेतुरे. कारण विचारलं तर म्हणाले, "या देशात हंस राजाचे असतात. सरकारी माणसाला अरेतुरे करून चालेल का?" आमच्या सत्यनारायणाला मागच्या बागेत कोल्हा आला, तर यांनी भर कथेत हात वर केला. "गुरुजी, जरा दमानं. पाहुणे बावरतील." गुरुजी थांबले. कोल्ह्याने सावकाश बाग हुंगली, कुंपणावरून उडी मारली आणि मगच साधुवाण्याची नौका पुढे सरकली. थंडीत माकडटोपी आणि तिच्यावर हॅट अशा थाटात ते रोज नदीवर जातात. सोबत्याला बोलायची परवानगी नसते. शिंकायची तर नाहीच.

त्यामुळे जानेवारीत, सगळं शहर बर्फाखाली असताना, त्यांच्या मुलीचा स्लाऊहून फोन आला तेव्हा मी हादरलोच. ती जन्मली इथे. मराठी बोलते, पण लिंगं वाऱ्यावर सोडून. "भावोजी, बाबांचा डोका ठीक नाही. रोज सांगतात, पाण्यात मांजर येतो. स्नोवर घसरगुंडी खेळतो, मग नदीत जंप मारतो, मासा खातो. फॅमिली आहे म्हणे त्याचा!" आवाज रडवेला झाला होता. "मी मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतलीय. घर विकून त्यांना इकडे आणते. असं एकटं नदीवर नाही सोडू शकत मी."

मांजर आपणहून गोठत्या नदीत उतरण्याची शक्यता मी मनात मांडून पाहिली. शून्याच्या पुढे जाईना. मामांसारखा खणखणीत माणूस असा घसरावा, या विचाराने मला जेवण गेलं नाही. शनिवारी ती आली आणि आम्ही दोघं त्यांच्या मागोमाग नदीवर गेलो.

मामा झाडाआड उभे होते, ओठांवर बोट ठेवून. समोरच्या काठावर बर्फाचा उतार. त्यावरून एक लांबलचक, तपकिरी, मिशाळ अंग पोटावर सपकन घसरत आलं आणि पाण्यात गडप झालं. मागून दुसरं. तिसरं मध्येच अडकलं, तर चौथ्याने त्याला ढकलून दिलं. पुन्हा धावत वर, पुन्हा घसरगुंडी. माझा वासलेला आ मिटेना.

"ओ माय गॉड," ती किंचाळली, "बाबा, हे तर ऑटर्स आहेत!"

"हळू गं! ऑटर तुमच्यात. आमच्यात पाणमांजर म्हणतात. इतके दिवस दुसरं काय सांगतोय मी?"

ती मटकन बर्फातच बसली. "मला वाटलं... पाणी, मांजर... कॅट!" आणि मग लपवणं जमेना, म्हणून क्लिनिकचं सांगून टाकलं. घर विकण्याचंही.

मामांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी हॅट काढली, तिच्यावरचं बर्फ झटकलं, पुन्हा घातली. "म्हणजे फोनवर रोज 'हो का बाबा, हो का बाबा' चाललं होतं, ते वेड्याशी होय?"

मग स्वतःच हलकेच म्हणाले, "तुला आरत्या शिकवल्या, पाढे शिकवले. पाणमांजर राहूनच गेलं गं."

"अपॉइंटमेंट कॅन्सल करते, बाबा. घर पण नाही विकत."

"ते नंतर. आधी ऊठ, भिजशील."

ती उठून त्यांना खेटून उभी राहिली आणि कुजबुजत नदीवरच्या एकेका पक्ष्याचं मराठी नाव विचारू लागली. बगळा, खंड्या, पाणकावळा. मामा सांगत गेले. एवढ्यात फांदीवर लाल छातीचा इवलासा पक्षी येऊन बसला.

"आणि हा रॉबिन?"

मामांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "याला आपल्यात नाव नाही गं," ते म्हणाले. "हा मला इथेच भेटला."