पांडूचा अर्ज

बायको गेली, तिलाही हे कधी कळलं नाही. तुम्हाला सांगतोय — आत्ताच का, ते माझं मलाही नीटसं समजत नाही.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याकडचा, मालवणजवळच्या एका मच्छीमार गावात मास्तर म्हणून आलो. गाव दादांचं. कागदोपत्री सरकारचं हो — पण कुणाची होडी समुद्रात जाईल, कुणाला विहिरीवर पाणी मिळेल, हे दादा ठरवत. आवाज कधी चढवत नसत. हळू बोलत, आणि समोरचा गार पडे. मला मात्र ते शेजारी खुर्ची देत. त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बाकी सगळे उभे आणि मी घाटावरचा उपरा — बसलेला! काय सुख होतं त्यात, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी माझ्या समोरच्या घरातला पांडू आला. दादांनी त्याची होडी ओढून नेली होती. मालवणच्या मामलेदाराला अर्ज लिहून हवा होता. नारळी पौर्णिमा झाली की तो स्वतः नेऊन देणार होता. मी लिहून दिला. चांगला लिहिला. "मास्तरानू, कोणाक सांगा नकात," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी खळ्यात — मी सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. धमकी नव्हती. दादांनी मान वळवून माझं ऐकावं, एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच. शुद्ध चोंबडेपणा. दादा नुसते हसले आणि माझ्यासाठी चहा मागवला.

पौर्णिमेला होड्या सुटण्याआधी देवळात गाऱ्हाणं घातलं. एक जण देवाला साकडं घालतो, आणि प्रत्येक वाक्याला अख्खा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. वारा नीट वाहू दे — व्हय म्हाराजा. जाळ्यात मासळी येऊ दे — व्हय म्हाराजा. दादा हात जोडून उभे. आणि मग गाऱ्हाणं घालणारा, त्याच सुरात — "जो कोण गावची गोष्ट सरकारात नेतलो, तेच्या घरात दिवो लागूक देव नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पांडूचा आवाज सगळ्यांत मोठा. नेहमीच असायचा. सवयीने म्हणून गेला, आणि मग त्याचा चेहरा पांढरा पडला. मीही म्हटलं होतं — पण मला ठाऊक होतं, हे कुणासाठी आहे.

दुपारी तो अर्ज घेऊन माझ्या दारात आला. "देवासमोर मियाच व्हय म्हटलंय. आता खंय जातलंय? ह्यो कागद तुमीच ठेवा, मास्तरानू. माज्याकडे गावलो तर तुमचा अक्षर वळाखतले. तुमका तरास नको."

मला वाचवायला आला होता तो. मी कागद घेतला. घडी घालून ट्रंकेत ठेवला.

दिवेलागणीला दादांकडून सुरमई आली. समोर पांडूच्या बायकोने गाऱ्हाण्याच्या धास्तीने दिवा लावला नाही. काळोखात मुलांचे आवाज येत होते. मी कंदील पेटवला, सुरमई तळली आणि पोटभर जेवलो.