लीलाधर मिस्त्रीचा हात

गोंदियाजवळच्या फुलचूरमधल्या लीलाधर मिस्त्रीला गॅरेजवर बोर्ड लावायची कधी गरजच पडली नाही. आमगाव रस्त्यावर कुणालाही विचारा, "वो हात लगाके बताते, वही ना?" म्हणत माणूस बोट दाखवणार. धानाच्या ट्रॉलीपासून राईस मिलवाल्यांच्या मोटारींपर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं होतं. लीलाधरने चाकाला हात लावला, ठीक आहे म्हटलं, की विषय संपला. आता असं नाव कमावणं चांगलंच हो, पण तेच नाव पुढे मानगुटीवर बसतं, हे कुणी आधी सांगत नाही.

त्याची रीत साधी होती. गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचलायचं, एक हात वर आणि एक खाली धरून ते आत-बाहेर हलवायचं. बेरिंग ढिली असली की हाताला बारीकसा टक लागतो. पण टक तर खालचा जोड झिजल्यावरही लागतो! मग आत बसून कुणीतरी ब्रेक दाबायचा. दाबल्यावर टक गेला तर दोष बेरिंगचा, राहिला तर जोडाचा. आत बसायला होती त्याची बायको फुलवंता. लग्न होऊन आली तेव्हापासून चुलीवरचं तसंच टाकून, पदराला हात पुसत ती यायची, सीटवर बसायची आणि नवरा "दाब" म्हणाला की पॅडल दाबायची. गिऱ्हाइकं हसायची. "भाभीके बिना गाडी नहीं बनती क्या?"

"नाई बनत," लीलाधर ठणकावून सांगायचा.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. उभा जन्म गाड्यांखाली मान वाकडी करून काढला, त्याचं हे फळ. पुढे पुढे मुंग्याही गेल्या आणि बोटं नुसती लाकडं झाली. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेतली नस दबली आहे, ऑपरेशनने ती मोकळी होईल, पण गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. हे लीलाधरने घरी सांगितलं का? छे! फुलवंतालासुद्धा नाही. नट चिमटीत आहे की खाली पडला, हे तो आता डोळ्यांनी बघून ठरवायचा. सकाळी उठल्या उठल्या बोट दाताखाली धरून बघायचा आणि काहीच कळायचं नाही. हात गेला म्हणजे लीलाधर गेला, एवढंच त्याला कळत होतं.

अशात एका सकाळी रुचिका लाल गाडी घेऊन आली. रुचिका म्हणजे मिलवाल्या टेकचंदशेठची नात. गाडी शेठने तरुणपणी हौसेने घेतलेली, बुटकी, दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स गाडी. शेठ गेले, पण गाडीला लीलाधरशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा शब्द घरात अजून पाळला जात होता. ही पोर लहानपणी त्याच गाडीच्या बॉनेटवर बसून त्याला हत्यारपेटीतून पाने काढून द्यायची.

"काका, जुन्या गाड्यांचा मेळावा आहे रायपूरला. आत्ता निघते आहे," ती म्हणाली. "पण स्पीड घेतली की पुढून घूं घूं करते. वळणावर जास्तच. आणि स्टीअरिंग सरळ राहत नाही, सारखं इकडेतिकडे पळतं."

असा आवाज ढिल्या बेरिंगचाही असतो आणि जुन्या टायरचाही. कशाचा, ते हातानेच ठरवायचं होतं. त्याने गाडी उचलली. फुलवंता येऊन सीटवर बसली. त्याने चाक वर-खाली धरलं, हलवलं. काहीच लागलं नाही. पुन्हा हलवलं. "दाब," तो म्हणाला. तरी काही नाही. दुसरं चाक उचललं, तिथेही तेच. घाम मात्र मानेवरून वाहत होता, तो बरा कळत होता.

तेव्हाच बोलायचं होतं ना! कुणी खाल्लं असतं का? पण रुचिका त्याच्या तोंडाकडे अशा भरवशाने बघत होती की त्याची जीभच रेटेना.

"बेरिंग ठीक हाये," तो म्हणाला. "टायर जुने झाले, त्यायचा आवाज हाये."

"बस्स! काकांनी हात लावला, आता काळजी नाही," असं म्हणत ती गाडीत बसली. "आमगावला मावशीकडे नाश्ता करते आणि मग निघते." गाडी घुमत घुमत निघून गेली.

फुलवंता चहा घेऊन आली. स्टीलचा ग्लास त्याच्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिली.

"कावो, तुमाले टक नाई लागला?"

"नाई लागला."

"मले तं सीटवर बसल्या बसल्या लागला. आन् पॅडल पयल्या दाबाले पार खाली गेलं, दुसऱ्या दाबाले वर आलं. बेरिंग ढिली असली का तसंच होते."

"आता तू मले शिकवशील?" लीलाधर उसळला. "ब्रेक दाबता दाबता मिस्त्री झाली काय?" बोलताना हात हलला आणि उकळता चहा बोटांवर सांडला. तो तसाच बोलत राहिला. बोटं लालबुंद झाली तरी ग्लास हातातच होता.

फुलवंता बोटांकडे बघतच राहिली. मग तिने ग्लास काढून घेतला आणि हळूच विचारलं, "कवापासून?"

"पावसाळ्यापासून," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर रायपूरच्या वाटेवरचा देवरीचा घाट दिसायला लागला. उतारावर पोरीने ब्रेक दाबला आणि पॅडल खाली गेलं तर? बेरिंग जळून चाकच निखळलं तर? त्याने रुचिकाला फोन लावला. रिंग जात राहिली, पण तिने उचलला नाही.

"काऊन सांगतलं नाई मले?" फुलवंताच्या डोळ्यांत पाणी आणि आवाजात आग होती. "मी काय परकी हावो?" उत्तराची वाट न बघता तिने स्कूटी काढली. "बसा मांगं!"

आमगावपर्यंत तिने स्कूटी कुठेच थांबवली नाही. लाल गाडी मावशीच्या दारात दिसली तेव्हा लीलाधरने देवाला हात जोडले. रुचिका पर्स खांद्याला लावून बाहेरच पडत होती.

"काका? तुम्ही?"

"किल्ली दे पोरी. गाडी हालवू नको."

त्याने गाडीच्या डिकीतला जॅक काढून लावला. फुलवंता सवयीने सीटकडे निघाली, तसा तो म्हणाला, "नाई. मी बसतो. तू हात लाव."

ती थबकली. इतकी वर्षं ब्रेक दाबला, पण चाक कधी धरलं नव्हतं. तिने पदर खोचला, एक हात वर, एक खाली धरला आणि हलवलं. "हालते," ती म्हणाली.

त्याने ब्रेक दाबला. पॅडल सरळ खाली गेलं. पुन्हा दाबला तेव्हा कुठे पायाला लागलं.

"आता नाई हालत."

म्हणजे बेरिंगच. दुसरं चाकही तसंच निघालं. लीलाधर त्या सीटवर बसून राहिला. ही बाई इथे बसून पहिल्याच दाबाला ओळखायची, आणि तो मात्र खाली ऐटीत चाक हलवून तेच गिऱ्हाइकाला सांगायचा! तिने कधी बोलून दाखवलं नाही आणि त्याने कधी विचारलं नाही.

"पण काका," रुचिका म्हणाली, "तुम्ही तर ठीक आहे म्हणालात."

तो बाहेर आला. भाजलेली बोटं तिच्यापुढे धरली. "मले टक लागलाच नाई, पोरी. आता कायचंच काई लागत नाई. आन् ते सांगाची लाज वाटली म्हणून खोटं बोललो. तुह्या जिवावर बेतलं असतं. तुले माहीत हाये का, तुह्या आजोबानं ही गाडी कोणाच्या भरवशावर ठेवली होती?"

रुचिका नकळत गाडीपासून एक पाऊल मागे सरली आणि तिने वडिलांना फोन लावला. "पप्पा, मी रायपूरला जात नाही. मी ठीक आहे. गाडी न्यायला कुणालातरी पाठवा." मग पाठ फिरवून ती हळू आवाजात म्हणाली, "नाही, काकांना नको. दुसऱ्या कुणाला."

आवाज हळू होता, पण कान त्याचे शाबूत होते. बरोबरच होतं तिचं. तिच्या जागी तो असता तर त्यानेही हेच केलं असतं. तरी ते ऐकून त्याला रडू फुटलं, भर रस्त्यात, आणि फुलवंताने त्याला धरून स्कूटीकडे आणलं.

परतताना रस्ता खराब होता, खड्डे चुकवत फुलवंता स्कूटी हाकत होती.

"धरलं का नीट?" तिने मागे न बघता विचारलं.

"धरलो," तो म्हणाला. मग त्याने डोळ्यांनी बघून घेतलं. हात तिच्या खांद्यांवरच होते.