जनरल रजिस्टरमधली पहिली खाडाखोड

पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजात कमळाकर पाटणकर हेडक्लार्क होते. एकतीस वर्षांत त्यांच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मूळ नोंदवहीत, एकही खाडाखोड झाली नव्हती. प्राचार्य बदलले, छप्पर गळलं, पावसाचं पाणी दोनदा टेबलाच्या पायांना लागलं. रजिस्टर तेवढं स्वच्छ राहिलं. स्वभाव फटकळ. दाखला मागायला आलेलं पोर आधी दोन बोलणी खाई आणि मग दाखला घेऊन जाई. जूनअखेर ते निवृत्त होणार होते. रजिस्टर असंच बिनडाग पुढच्याच्या हाती द्यायचं, एवढीच त्यांची हौस होती.

जानेवारीत ओवे गावची दिपिका भोईर खिडकीशी आली. बारावी सायन्सची, गणितात हुशार. तिचे वडील हरेश कंपनीच्या कामावर टेक्सासला असताना तिचा जन्म झाला आणि ती दोन वर्षांची असताना सगळे घरी परतले. पोरगी वाढली ओव्यात, पासपोर्ट मात्र अमेरिकेचा. तिथे इंजिनिअरिंगसाठी तिने नागरिक म्हणूनच अर्ज केला होता.

"काका, विद्यापीठाचा मेल आलाय," ती म्हणाली. "मी अमेरिकन लिहिलंय आणि आपल्या दाखल्यात भारतीय आहे. खरं काय, असं विचारतायत. पासपोर्ट पाठवला, पण त्यांना कॉलेजचाही खुलासा हवाय. दहा दिवसांत गेला नाही तर नागरिकांना मिळणारी मदत मला मिळणार नाही. मग जाणंच जमणार नाही."

"फॉर्ममध्ये तूच चुकीचं लिहिलं असशील," असं म्हणत कमळाकरांनी तिचा प्रवेशाचा फॉर्म काढला. हरेशने ठळक अक्षरांत 'अमेरिकन' लिहिलं होतं. रजिस्टरमध्ये मात्र कमळाकरांच्याच वळणदार अक्षरात 'भारतीय'. दरवर्षी प्रवेश सुरू व्हायच्या आधीच ते एका बैठकीत राष्ट्रीयत्वाचा अख्खा रकाना भरून टाकत. पनवेलच्या कॉलेजात दुसरं कोण येणार?

प्राचार्या अरुंधतीबाईंनी तोडगा काढला. "रजिस्टरला हात कशाला लावता? नवीन दाखला टाइप करा, मी सही करते. तिकडून कोण येतंय तपासायला?"

सोपं होतं. रजिस्टरही स्वच्छ राहिलं असतं. कमळाकरांनी दोनदा दाखला टाइप करायला घेतला आणि दोनदा अर्धवट सोडला. रजिस्टरात नाही ते दाखल्यावर लिहायचं, तर एकतीस वर्षं आपण नुसती अक्षरंच गिरवली म्हणायचं. शिवाय पोरीने खरं लिहिलं होतं आणि खोटी तीच ठरत होती. याची त्यांना मनापासून लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी रजा टाकून ते एसटीने अलिबागला शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेले, दुरुस्तीची परवानगी घ्यायला.

"चूक कशामुळे झाली, काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

"माझा हलगर्जीपणा."

साहेब हसले आणि त्यांनी 'नजरचूक' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कमळाकरांनी लाल शाईने 'भारतीय'वर रेघ मारली, वर 'अमेरिकन' लिहिलं, बाजूला सही केली. रेघ जरा वाकडी आली. मग पत्र लिहिलं: विद्यार्थिनीने माहिती खरी दिली होती, चूक माझी आहे. इंग्रजी दिपिकाकडूनच तपासून घेतलं. त्यांनी चार वेळा माफी मागितली होती. तिने तीन खोडल्या.

एप्रिलमध्ये प्रवेश मिळाला, मदतही मिळाली. जूनमध्ये दिपिका कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला आली. सोबत पेढे होते आणि आजी हौसाही. कमळाकरांनी दोघींना आत बसवलं आणि दाखला त्यांच्यासमोर लिहायला घेतला.

"काय लिवताव?" हौसाने विचारलं.

"राष्ट्रीयत्व. अमेरिकन."

हौसाचा चेहरा उतरला. "म्हंजे पोर आमची नाय ऱ्हायली?"

कमळाकरांचं पेन पुढच्या रकान्यावर थांबलं. मातृभाषा. हाही रकाना ते कुणाला न विचारताच भरत आले होते.

"आजी, ही घरात कुठली भाषा बोलते?"

"कुटली म्हंजे? आमी बोलतो तीच. माज्याशी भांडते बी त्याच भाषेत."

कमळाकरांनी 'मराठी' लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. "मग गेली कुठे ती?"

हौसाने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग ते जरा मोट्या अक्षरात लिवा."